दातू, रातू, दातुक: एका पदवीची कुळकथा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आग्नेय आशियातल्या राजपदव्यांबद्दल वाचकांचे प्रश्न सतत येत असतात. कुणी मलेशियाला फिरायला जाऊन आलेलं असतं, कुणाला फिजीच्या बातमीत एखादं नाव खटकतं, कुणी इंडोनेशियातल्या शिलालेखाचा फोटो पाठवून विचारतं, ‘हे आपलंच ना?’ त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. तेच पुन्हा सांगण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘दातू’ म्हणजे नक्की कोण? राजा, सरदार की गावचा पाटील?

ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. जुन्या फिलिपिन्समध्ये दातू म्हणजे तीस ते शंभर घरांच्या वस्तीचा प्रमुख, म्हणजे आपल्या पाटलाच्या जवळचा माणूस. सुलावेसी बेटावरच्या लुवू आणि सोप्पेंग या राज्यांत प्रत्यक्ष राज्यकर्त्यालाच दातू म्हणत. सुमात्रातल्या बातक लोकांत दातू म्हणजे मंत्रतंत्र आणि औषधं जाणणारा, त्याचा सत्तेशी संबंध नाही. तिमोरमधल्या तेतुन भाषेत ‘दातो’ हा उमराव, राजा वेगळा, त्याला ‘लिउराई’ म्हणतात. मलेशियात ‘दातुक’ हा सरकारी किताब आहे आणि घरातल्या आजोबांनाही दातुकच म्हणतात. अर्थ इतके का फाकले, ते प्रश्न ४ मध्ये.

२. दातू, दातुक, दातो, रातू, रातो, लातू... हा सगळा एकच शब्द आहे का?

हो. हा ऑस्ट्रोनेशियन कुळातला शब्द आहे. तैवानपासून मादागास्करपर्यंत आणि तिथून पार ईस्टर बेटापर्यंत पसरलेल्या या कुळात बाराशेच्या आसपास भाषा आहेत. त्यातल्या मलायो-पॉलिनेशियन नावाच्या मोठ्या शाखेच्या मूळ भाषेत, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, ‘दातु’ असा शब्द होता, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

त्या मुळातला ‘द’ मलय आणि फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत टिकला. जावामध्ये त्याचा ‘र’ झाला आणि पूर्व इंडोनेशियातल्या सेराम-अंबोन बेटांच्या भागात ‘ल’. हे फक्त याच शब्दाचं झालं असतं तर शंका घ्यायला जागा होती. पण पानाला मलयमध्ये ‘दाउन’, तर जावाच्या भाषेत ‘रोन’. रक्ताला मलयमध्ये ‘दाराह’, जावात ‘राह’. दोनला मलयमध्ये ‘दुआ’, जुन्या जावा भाषेत ‘र्वा’. शब्दामागून शब्द तीच वाट चालतात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. एकादशचं अकरा झालं, द्वादशचं बारा, त्रयोदशचं तेरा. तिथेही ‘द’ जाऊन ‘र’च आला. शिवाय आपण ‘अकरा’ म्हणतो आणि ‘एकादशी’ही पाळतो. एकच मूळ, दोन वाटांनी घरात आलेलं. जावातही तसंच आहे. राजवाड्याला ‘क्रातोन’ म्हणतात, तो ‘रातू’पासून झाला. आणि त्याच अर्थाचा ‘केदातोन’ आहे, तो ‘दातू’पासून. दुसरा बहुधा मलयकडून आला. योग्यकर्ता पाहून आलेल्यांना क्रातोन परिचयाचा असेल.

३. पण हा शब्द मुळात संस्कृत ‘दाता’ किंवा ‘धातू’वरूनच आला ना?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर: नाही.

तिकडच्या भाषांत संस्कृत शब्द भरपूर आहेत, म्हणून ही शंका येणं साहजिक आहे. पण त्या संस्कृत शब्दांकडेच नीट पाहिलं की उत्तर मिळतं. ‘देश’ जावामध्ये गेला आणि ‘देसा’ झाला, अर्थ गाव. ‘देव’ तिथे ‘देवा’ झाला, ‘दूत’ ‘दुता’ झाला. कुठेही ‘द’चा ‘र’ झालेला नाही. ‘रेसा’ किंवा ‘रेवा’ असं कुणी म्हणत नाही. याचा अर्थ संस्कृत शब्द तिथे पोचले तेव्हा ‘द’चा ‘र’ होण्याचा काळ उलटून गेला होता. ‘रातू’मध्ये मात्र तो बदल झालेला आहे. म्हणजे हा शब्द संस्कृतच्या आगमनाच्या आधीपासून त्या घरात राहत होता.

दुसरी गोष्ट भूगोलाची. सुंबा बेट, सेरामचा किनारा, फिलिपिन्समधल्या मिंदानाओचे डोंगर, इथे संस्कृतचा प्रभाव अगदी पुसट आहे. तिथे हा शब्द जुन्या चालीरीतींच्या गाभ्यात सापडतो.

संस्कृतचं तिथलं खरं देणं मोठं आहे आणि ते पुढच्या उत्तरांत दिसेलच. पण जे आपलं नाही ते आपलं म्हणून सांगितलं, तर त्या लोकांनी स्वतः घडवलेली गोष्ट आपण पुसून टाकतो. दर वेळी हा प्रश्न आला की मला तेच टोचतं.

जाता जाता: ‘आमच्याकडे दत्तू नाव असतं, त्याचा संबंध?’ असंही काही जण विचारतात. दत्तू हे दत्तात्रयाचं लाडकं रूप आहे. दातूशी त्याचा काही संबंध नाही.

४. मग मूळ अर्थ काय होता: राजा, पुजारी की आजोबा?

माझ्या मते हे तीन अर्थ वेगळे काढायचा प्रयत्न केला की शब्द हातातून निसटतो. मूळ दातू हा बहुधा कुळाचा ज्येष्ठ होता. पूर्वजांशी बोलण्याचा अधिकार त्याचा, म्हणून तो पुजारी. आणि पूर्वज ज्याच्या बाजूने बोलतात त्याचं सगळे ऐकतात, म्हणून तो पुढारी. मराठी माणसाला हे समजायला ‘महाराज’ हा एक शब्द पुरे. शिवाजी महाराज राजे, तुकाराम महाराज संत. आपण एकच शब्द दोघांना लावतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

पुढे बेटाबेटांवर या पोटलीतला एकेक अर्थ वर आला. सुंबाच्या पश्चिम भागात तो पुजाऱ्याकडे गेला. तिथला ‘रातो’ फेब्रुवारी-मार्चमध्ये, पौर्णिमेनंतर काही रात्री गेल्या की, पहाटे समुद्रकाठी उतरतो. त्या दिवसांत ‘न्याले’ नावाचे रंगीत समुद्री किडे पाण्यात वर येतात. रातो ते हातात घेऊन पाहतो, किती आले, कसे आले, आणि त्यावरून यंदाचं पीक कसं येईल ते सांगतो. त्याने पाहिल्याशिवाय ‘पासोला’ सुरू होत नाही. पासोला म्हणजे घोड्यांवर बसून एकमेकांवर लाकडी भाले फेकण्याचा विधी. वसाहतीच्या काळात राजा म्हणून नेमलेली माणसं वेगळी होती. किड्यांचा कौल वाचणारा रातोच.

बातक दातूकडे पोथी असते. झाडाच्या सालीची लांब पट्टी घडीवर घडी घालून बांधलेली, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, आत मंत्र, औषधं, शुभ-अशुभ दिवसांची कोष्टकं. तिला म्हणतात ‘पुस्ताहा’. हा शब्द मात्र आपल्या ‘पुस्तक’पासूनच गेला आहे. लिहिणाऱ्याचं नाव घरचं आणि पोथीचं नाव पाहुणं, असा हा जोड आहे.

५. या शब्दाचा सर्वांत जुना लेखी पुरावा कुठे आहे?

सातव्या शतकातल्या श्रीविजय राज्याच्या शिलालेखांत. हे राज्य सुमात्रात पालेंबांगच्या परिसरात होतं. लेखांची लिपी दक्षिण भारतीय वळणाची आणि भाषा जुनी मलय.

बांका बेटावरच्या कोता कापूर लेखाची तिथी आहे शके ६०८, वैशाख शुद्ध प्रतिपदा, म्हणजे इ.स. ६८६. श्रीविजयाशी आणि त्याने नेमलेल्या दातूंशी जे एकनिष्ठ राहणार नाहीत त्यांना त्यात शाप दिला आहे. राज्याच्या केंद्राला शब्द आहे ‘कदातुआन’, म्हणजे दातूचं ठिकाण. प्रश्न २ मधला केदातोन तो हाच.

त्याआधीचा केदुकान बुकित लेख शके ६०५चा, वैशाख शुद्ध एकादशीचा. त्यात दातू नाही, पण मराठी वाचकाने तो जरूर पाहावा. आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर जो शालिवाहन शक छापलेला असतो, त्याच शकात सुमात्रातला एक राज्यकर्ता आपल्या नौकेवर चढल्याची तिथी नोंदवतो, तीही एकादशीची.

सगळ्यांत विलक्षण आहे तेलागा बातूचा दगड, आता जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेला. त्याच्या माथ्यावर नागाचे सात फणे आहेत आणि तळाशी पाणी वाहून जायला पन्हळ. अक्षरांवरून पाणी ओतायचं, ते पन्हळीतून गोळा करायचं आणि पिऊन निष्ठेची शपथ घ्यायची, असा विधी असावा. कुणी कुणी शपथ घ्यायची त्याची यादीच वर कोरली आहे: राजपुत्र, भूपती, सेनापती, दंडनायक, कायस्थ, व्यापारी, नौकांचे तांडेल, अगदी राजाच्या दासांपर्यंत. फितूर झालात तर हेच पाणी तुम्हाला मारील, असं बजावलं आहे.

६. त्याच दगडावर ‘हुलुन हाजी’ असे शब्द आहेत. सातव्या शतकात सुमात्रात हाजी कुठून आले?

हे मक्केचे हाजी नव्हेत. जुन्या मलय आणि जुन्या जावा भाषेत ‘हाजी’ म्हणजे राजा. हुलुन हाजी म्हणजे राजाचे दास. मक्केच्या यात्रेकरूचा हाजी अरबीतून पुष्कळ नंतर आला. उच्चार जुळला एवढंच.

७. इंडोनेशियात रातू म्हणजे राणी आणि फिजीत रातू म्हणजे पुरुष. असं उलटं कसं?

उलटं नाही, मूळ शब्दाला लिंगच नव्हतं. आपल्याकडे सरपंच बाई असो वा पुरुष, शब्द सरपंचच. जुन्या जावा भाषेतला रातू तसाच होता. प्रांबानानजवळच्या टेकडीवर ‘रातू बोको’ नावाचे अवशेष आहेत, कथेतला तो बोको पुरुष राजा आहे. न्यायी राज्य आणणारा जो कुणी येईल अशी जावाची जुनी आशा आहे, त्याला ‘रातू आदिल’ म्हणतात, आणि लोकांनी तो पुरुषच कल्पिला. याउलट दक्षिण समुद्राची स्वामिनी ‘रातू किदुल’ ही स्त्री. माजापाहित राज्यावर १३२८ ते १३५० या काळात त्रिभुवना या राणीची सत्ता होती.

पुढे मलय आणि इंडोनेशियनमध्ये ‘राजा’ हा संस्कृत शब्द पुरुष राज्यकर्त्यासाठी घट्ट बसला, आणि रातूकडे राणी हा अर्थ उरला. मधमाश्यांच्या राणीलाही आज रातूच म्हणतात. बालीमध्ये मात्र देवाला आणि उच्चकुलीन माणसाला हाक मारताना अजूनही ‘रातू’ म्हणतात, मग स्त्री असो की पुरुष.

८. फिजीतला रातू हा राजा असतो का?

नाही. ते सरदार घराण्यातल्या पुरुषाच्या नावाआधी लागणारं बिरुद आहे, स्त्रीसाठी ‘आदी’. रेवा भागात दोन्हींऐवजी ‘रो’ ऐकू येतं. १० ऑक्टोबर १८७४ रोजी फिजी ब्रिटनच्या हवाली करणारे रातू सेरू थाकोंबाऊ यांना ‘तुई विती’ म्हणजे फिजीचा राजा म्हणत. राजा हा अर्थ तिथे ‘तुई’मध्ये आहे, रातूमध्ये नाही. स्वतंत्र फिजीचे पहिले पंतप्रधानही रातू होते, रातू सर कामिसेसे मारा. सरदारांची महापरिषद २०१२ मध्ये बरखास्त झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा उभी राहिली.

एक अपवाद इथेच नोंदवतो. फिजीचा रातू हा जावाच्या रातूचा सख्खा भाऊ आहे का, यावर दोन मतं आहेत. काहींच्या मते तो याच मूळ शब्दाचा वारस. इतरांच्या मते तो ‘रा’ हे आदराचं उपपद आणि ‘तू’ म्हणजे प्रमुख, असा तिथेच जुळलेला शब्द. दुसऱ्या मताला थोडं बळ मिळतं, कारण पान आणि रक्त या शब्दांत फिजीमध्ये ‘द्र’ येतो (द्राउ, द्रा), रातूमध्ये नुसता ‘र’ आहे. पण दोनला फिजीत ‘रुआ’ म्हणतात, तेव्हा पहिलं मतही सोडून देता येत नाही.

गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून १८७९ पासून तिथे गेलेल्या भारतीयांच्या वंशजांत हे बिरुद नाही. ते मूळ फिजीवासी सरदार कुळांचं आहे.

९. फिलिपिन्समध्ये दातूचं काम काय असे? आज तिथे दातू आहेत का?

तिथल्या वस्तीला ‘बारांगाय’ म्हणत. हा शब्द नौकेच्या नावावरून आला. एका नौकेतून उतरलेलं कुटुंब आणि त्यांचा नायक, ही कल्पना स्पॅनिश पाद्री प्लासेन्सिया यांनी १५८९ मध्येच लिहून ठेवली आहे. दातू तंटे सोडवी, लढाईत पुढे असे, पेरणी-कापणीला लोकांची मदत घेई. जमीन मुबलक आणि माणसं थोडी, त्यामुळे किती एकर यापेक्षा किती माणसं पाठीशी, यावर दातूचं वजन ठरे.

स्पॅनिशांनी दातूंना कर गोळा करणारे ‘काबेसा दे बारांगाय’ करून टाकलं. दक्षिणेत मिंदानाओ आणि सुलूमध्ये त्यांची सत्ता पुरती कधीच बसली नाही, म्हणून तिथे मुस्लिम उमराव घराण्यांत आणि डोंगरातल्या आदिवासींत दातू आजही आहेत. बारांगाय हा शब्द मात्र देशभर राहिला: तिथल्या सर्वांत लहान स्थानिक प्रशासनाचं ते अधिकृत नाव आहे.

१०. मिंदानाओतल्या कुलीन स्त्रियांना ‘बाई’ म्हणतात. ही आपलीच बाई का?

अहिल्याबाई, लक्ष्मीबाई डोळ्यांपुढे येतात खऱ्या, आणि अर्थही किती जवळचा! पण तिथला ‘बाई’ बहुधा घरचाच आहे. तागालोगमध्ये स्त्रीला ‘बाबाए’ म्हणतात, तो त्याच नात्यातला. आपली बाई तिकडे गेलेली नाही.

११. मलेशियात कुणी ‘दातुक’ तर कुणी ‘दातो’ का लिहितं?

‘दातुक’ केंद्राकडून मिळतो, आणि जिथे सुलतान नसून राज्यपाल आहे त्या मलाक्का, साबाह, सारावाक या राज्यांकडूनही. ‘दातो’ हा सुलतानांच्या राज्यांतला. पेनांग हा अपवाद: तिथे राज्यपाल असूनही ‘दातो’ देतात. वरची पायरी ‘दातुक सरी’, त्याच्याही वर केंद्राचे ‘तान श्री’ आणि ‘तुन’. दातुकच्या पत्नीला ‘दातीन’ म्हणतात. स्त्रीला स्वतःच्या कामासाठी किताब मिळाला तर ती दातुकच (काही राज्यांत ‘दातीन पादुका’), आणि तिच्या नवऱ्याला काहीही मिळत नाही. अभिनेत्री मिशेल यो २०१३ पासून तान श्री आहेत.

१२. ‘दातीन पादुका’ असाही किताब ऐकला. या पादुका आपल्याच का?

हो, इथे मात्र खुशाल हो म्हणा. ‘पादुका’ आणि ‘श्री’ हे दोन्ही संस्कृतमधून गेले. राजाच्या चेहऱ्याकडे पाहून बोलायचं नाही, त्याच्या पायाशी बोलायचं, अशी ती रीत. सुलतानाच्या बिरुदातलं ‘दुली’ म्हणजे पायाची धूळ. आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीतून पंढरीला जातात तेव्हा आपण त्यांना नुसत्या चपला समजत नाही, साक्षात माउली समजतो. मलय दरबाराने तोच भाव राजाकडे वळवला.

१३. शाहरुख खान दातुक आहे, मग भारतात तसं लिहीत का नाहीत?

मलाक्का राज्याने पर्यटनाला हातभार लावल्याबद्दल २००८ मध्ये त्याला हा सन्मान दिला. आपल्या राज्यघटनेचं कलम १८ भारतीय नागरिकाला परदेशाकडून किताब स्वीकारू देत नाही. पद्म पुरस्कारांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये सांगितलं की ते सन्मान आहेत, किताब नव्हेत, आणि नावाला जोडायचे नाहीत. सन्मान आणि नावापुढचं बिरुद यांतली ही रेघ लक्षात ठेवली की पुरे.

१४. दातुक पदवी बापाकडून मुलाकडे जाते का?

मलेशियातला किताब त्या व्यक्तीपुरताच. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाउ लोकांत मात्र दातुक हे कुळप्रमुखाचं वारसा-नाव आहे, आणि ते मामाकडून भाच्याकडे जातं. कूळ, घर, शेत आईच्या बाजूने चालतं, त्यामुळे मुलगा बापाच्या पदवीचा वारस नसतो. नवा दातुक बसवताना रेडा कापून गावजेवण होतं. लहानपणी नाव, मोठेपणी पदवी, अशी त्यांची म्हणच आहे. क्रांतिकारक तान मलाका यांचं जन्मनाव इब्राहीम. ‘दातुक तान मलाका’ ही त्यांना कुळाकडून मिळालेली पदवी, आणि जग त्यांना त्या पदवीनेच ओळखतं.

१५. मलेशियात रस्त्याकडेला झाडाखाली ‘दातुक’ची छोटी देवळी दिसली. ती कुणाची?

जागेच्या राखणदाराची. चिनी वंशाचे लोक त्याला ‘दातुक कोंग’ म्हणतात. मूर्तीच्या डोक्यावर बहुतेक वेळा काळी मलय टोपी असते, आणि राखणदार मलय मुसलमान मानला जात असल्याने नैवेद्यात डुकराचं मांस ठेवत नाहीत. आपल्याकडे शेताच्या बांधावर म्हसोबा असतो, त्याची आठवण येते. पूर्वज, आजोबा आणि जागेचा मालक हे जुने अर्थ (प्रश्न ४) इथे अजून जिवंत आहेत.

१६. हवाईचे ‘अलीई’, माओरींचे ‘आरिकी’, मादागास्करचे ‘आंद्रियाना’ हेही दातूचेच भाऊबंद का?

नाही. अलीई आणि आरिकी एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, पण त्यांचं मूळ वेगळं. ते थोरल्या अपत्याच्या अर्थाकडे जातं. आंद्रियाना बऱ्याच अभ्यासकांच्या मते जुन्या जावातल्या ‘रहाद्यान’शी जोडलेला आहे, ज्यातून जावातली ‘रादेन’ ही कुलीनांची पदवी आली.

१७. बोर्निओहून आलेल्या दहा दातूंची कथा आणि दातू कालांत्यावचा कायदा खरा आहे का?

दहा दातू पानाय बेटावर आले आणि त्यांनी तिथल्या आती लोकांकडून जमीन घेतली, ही कथा ‘मारागतास’ या १९०७च्या पुस्तकातून पसरली. त्यातल्या दातू पुतीच्या नावाचं व्हिनेगर फिलिपिन्सच्या घराघरात असतं. परंपरा म्हणून ती जपावी, पण स्पॅनिशपूर्व काळातला लेखी पुरावा म्हणून तिच्याकडे पाहता येत नाही.

१४३३चा म्हणून सांगितला जाणारा कालांत्यावचा कायदा तर सरळ बनावट. १९१३ च्या सुमारास पुढे आलेले ते कागद खोटे असल्याचं इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं. तोवर तो पाठ्यपुस्तकांत गेला होता आणि पुढे त्याच्या नावाने सरकारी सन्मानही निघाला. २००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय इतिहास संस्थेने त्याला आधार नसल्याचं जाहीर केलं.

१८. पत्रात किंवा समोरासमोर अशा व्यक्तीला काय म्हणावं?

मलेशियात नुसतं ‘दातुक’ किंवा ‘दातीन’ म्हटलं की आदर पुरा होतो, पुढे ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ जोडू नका. लिहिताना ती व्यक्ती स्वतः दातुक लिहिते की दातो ते आधी पाहा (प्रश्न ११). फिजीत ‘रातू’ किंवा ‘आदी’नंतर पहिलं नाव घेतात. इंडोनेशियात मात्र ‘रातू’ हे मुलीचं साधं नावही असू शकतं, तेव्हा नाव ऐकून लगेच राजघराणं गृहीत धरू नका.